मोगऱ्याचा एक श्वास

मोगऱ्याची कळी दिवसभर मिटलेली असते आणि संध्याकाळी उमलायला लागते. दादरच्या फुलबाजारात टोपलीत भरलेल्या मिटल्या कळ्यांना त्यामुळे फारसा वास नसतो आणि त्यांचाच गजरा रात्री घरभर दरवळतो. उमलताना पाकळ्यांच्या पेशी हलकी, सहज उडून जाणारी रसायनं हवेत सोडतात: लिनालूल, बेंझाइल ॲसिटेट, फार्नेसीन, मिथाइल अँथ्रानिलेट आणि अगदी थोडा इंडोल. फुलाचा हा सगळा खटाटोप रात्री फिरणाऱ्या कीटकांना बोलावण्यासाठी असतो. वाटेत आपणही तो वास टिपतो आणि आपल्यात काहीतरी बदलतं. श्वास आपोआप लांबतो, कपाळावरची आठी सैल होते, एखादा जुना उन्हाळा आठवतो. हे नेमकं कसं घडतं, ते मोगऱ्याच्या एकाच श्वासाचा माग काढत पाहू.

आधी इंडोलपाशी थांबायला हवं. शुद्ध, दाट इंडोलचा वास घाणेरडा असतो. विष्ठेच्या दुर्गंधीतही त्याचा वाटा असतो. मोगरा, जाई, सोनचाफा या फुलांत त्याचा लेशमात्र अंश असतो आणि तोच त्यांच्या सुगंधाला भारदस्तपणा देतो. अत्तराच्या व्यवसायातल्या माणसांना हे चांगलं ठाऊक असतं. रेणू तोच, पण किती प्रमाणात आणि कोणाच्या संगतीत नाकात शिरतो यावर तो हवासा वाटेल की नकोसा हे ठरतं. म्हणजे ‘सुवास’ नावाची गोष्ट फुलात तयार होऊन आपल्यापर्यंत येत नाही. फुलातून येतात ते रेणू. त्यांचा सुवास होतो तो पुढे, आपल्या डोक्यात.

श्वास घेतला की हवा नाकपुडीतून वर जाते. तिचा बराचसा भाग खाली घशाकडे वळतो, थोडा भाग नाकाच्या अगदी छतापर्यंत पोचतो. तिथे काही चौरस सेंटिमीटरचा एक ओलसर पापुद्रा आहे आणि त्यात लाखो गंधपेशी आहेत. या पेशी म्हणजे खरेखुरे मज्जातंतू. मेंदूशी थेट जोडलेल्या मज्जापेशी बाहेरच्या हवेला इतक्या उघड्यावर भिडतात अशी दुसरी जागा शरीरात नाही. उघड्यावर असल्यामुळे त्या धूळ, जंतू, सर्दी यांना बळीही पडतात. पण त्या मेल्या की त्यांच्या तळाशी असलेल्या मूळपेशींपासून नव्या तयार होतात आणि हे आयुष्यभर चालू राहतं. मेंदूतल्या बहुतेक मज्जापेशींना ही सोय नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटाकडे ती उपयोगी पडणार आहे.

प्रत्येक गंधपेशीच्या टोकाला बारीक केसांसारखे धागे असतात आणि ते चिकट द्रवात बुडालेले असतात. लिनालूलचा रेणू त्या द्रवात विरघळतो आणि धाग्यावरच्या गंधग्राहक प्रथिनाला जाऊन चिकटतो. या ग्राहकांचं कोडं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये उलगडलं. उंदराच्या जातीच्या प्राण्यांत असे सुमारे हजार जनुक असतात आणि त्या प्रत्येकापासून वेगळा ग्राहक तयार होतो. या कामासाठी दोघांना २००४ चं नोबेल मिळालं. माणसात यातले सुमारे ४०० ग्राहक शाबूत आहेत. बाकीच्या जनुकांचे नुसते अवशेष उरले आहेत.

एका गंधपेशीवर एकाच प्रकारचा ग्राहक असतो. रेणू त्याला चिकटला की पेशीच्या आत रसायनांची साखळी सुरू होते, पेशीच्या आवरणातली दारं उघडतात, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत घुसतात आणि पेशीतून विजेचा स्पंद निघतो. वासाच्या रेणूचं काम इथे संपलं. मेंदूपर्यंत रेणू जात नाही, जाते ती वीज. (यालाही एक अपवाद आहे, तो पुढे.)

मग ४०० ग्राहकांवर हजारो वास कसे ओळखता येतात? एक रेणू एकाच ग्राहकाला चिकटत नाही, अनेकांना कमी-जास्त चिकटतो. आणि एक ग्राहक अनेक रेणूंना दाद देतो. पेटीच्या मोजक्या पट्ट्यांमधून असंख्य सुरावटी निघाव्यात, तसं कोणते ग्राहक एकाच वेळी आणि किती जोरात जागे झाले यावरून वास ठरतो. रेणूचं प्रमाण वाढलं की आणखी काही ग्राहक जागे होतात आणि वासच बदलून जातो. इंडोलचं कोडं बऱ्याच अंशी इथे सुटतं.

ग्राहकांचा हा संच प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो. बीटा-आयोनोन नावाचा एक रेणू सोनचाफ्यात आणि गुलाबातही सापडतो. तो ओळखणाऱ्या ग्राहकाच्या जनुकात माणसामाणसांत फरक आढळतो. त्यामुळे काहींना हा रेणू फुलासारखा गोड लागतो, तर काहींना तो जाणवतच नाही किंवा आंबट, बोचरा वाटतो. घरातल्या एकाला चाफा अतिशय प्रिय आणि दुसऱ्याला त्यात विशेष काही नाही, असं असेल तर त्यात हट्ट कोणाचाच नसू शकतो.

नाकाच्या छतावर बारीक छिद्रांचं एक पातळ हाड आहे. गंधपेशींचे तंतू त्या छिद्रांतून वर जातात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या घ्राणकंदात शिरतात. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला की कधीकधी हेच तंतू छिद्रापाशी तुटतात आणि जखम बरी झाली तरी वास जातो, तो यामुळे. घ्राणकंदात एका प्रकारचे ग्राहक असलेल्या सगळ्या पेशींचे तंतू ठरावीक ठिकाणी एकत्र येतात. मोगऱ्याच्या श्वासाबरोबर त्या कंदात काही ठिपके जागे होतात, काही झोपलेले राहतात आणि त्यांचा एक नकाशा उमटतो.

यापुढचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, त्वचेला जाणवलेलं सगळं आधी मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस या केंद्रात जातं आणि तिथून मेंदूच्या बाहेरच्या थराकडे, म्हणजे कॉर्टेक्सकडे पाठवलं जातं. वासाला या फाटकातून जावं लागत नाही. घ्राणकंदातून निघालेले तंतू थेट पिरिफॉर्म कॉर्टेक्स या वास ओळखणाऱ्या भागात, भावनांशी निगडित अमिग्डलात आणि स्मृतीचं काम करणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावर पोचतात. थॅलॅमसमधून जाणारा एक मार्ग वासालाही आहे, पण तो नंतरचा. ‘हा मोगरा’ असं नाव ओठांवर येण्याआधीच भावनेच्या आणि आठवणीच्या भागांत हालचाल सुरू झालेली असते. वास ओळखीचा आहे पण नाव सुचत नाही, हा अनुभव म्हणूनच इतका सार्वत्रिक आहे.

मग ‘छान वाटतं’ ते कुठे? डोळ्यांच्या खोबणीच्या वर, कपाळाच्या मागे मेंदूचा एक भाग आहे, ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स. मेंदूचं काम चालू असताना त्याचं चित्र घेणाऱ्या एफएमआरआय तंत्रानं २००३ मध्ये दोन वेगळ्या गटांनी याचा शोध घेतला. एडमंड रोल्स आणि सहकाऱ्यांना दिसलं की आवडणाऱ्या वासांनी या भागाची मधली बाजू जास्त जागी होते आणि न आवडणाऱ्यांनी बाहेरची. ॲडम अँडरसन, नोम सोबेल आणि सहकाऱ्यांनी दोनच वास घेतले. एक सिट्रल, म्हणजे आपल्या गवती चहाला त्याचा लिंबासारखा वास देणारा रेणू. दुसरा व्हॅलेरिक आम्ल, कुबट आणि नकोसा. दोन्ही कधी सौम्य, कधी तीव्र करून हुंगवले. अमिग्डलातली हालचाल वास किती तीव्र आहे यावर अवलंबून होती, तो आवडतो की नाही यावर नव्हे. आवड-नावड उमटत होती ती ऑर्बिटोफ्रंटल भागात. पुढच्या अभ्यासांनी हे चित्र आणखी गुंतागुंतीचं केलं, पण मुख्य मुद्दा टिकून आहे: ‘केवढा वास’ आणि ‘कसा वास’ यांचे हिशेब मेंदूत एकाच ठिकाणी होत नाहीत.

आता जो प्रयोग सांगतो आहे, तो या विषयावर बोलताना कोणीही वगळू नये. ऑक्सफर्डमध्ये २००५ मध्ये रोल्स यांच्याच गटानं लोकांना आयसोव्हॅलेरिक आम्लाचा वास दिला, त्यात चेडर चीजचा थोडा गंध मिसळून. वास येताना पडद्यावर कधी ‘चेडर चीज’ अशी अक्षरं दिसत, कधी ‘अंगाचा वास’. रेणू दोन्ही वेळा तेच. तरीही ‘चीज’ वाचताना लोकांनी वासाला जास्त पसंती दिली आणि ऑर्बिटोफ्रंटल भागातली हालचालही त्या पसंतीप्रमाणे बदलली. शब्दानं नुसतं मत बदललं नाही, मेंदूचं काम बदललं. सुगंधी तेलाच्या बाटलीवर ‘मन शांत करणारे’ असं छापलेलं असतं, तेव्हा ते छापील अक्षरही आपलं काम करत असतं हे यावरून कळावं.

आठवणीचा वाटा त्याहूनही मोठा. रेचेल हर्झ यांनी २००४ मध्ये अशा स्त्रिया निवडल्या, ज्यांच्या मनात एखाद्या अत्तराशी चांगली आठवण जोडलेली होती. ते अत्तर हुंगताना त्यांच्या अमिग्डलात आणि हिप्पोकॅम्पसच्या परिसरात जी हालचाल झाली, ती त्याच अत्तराची बाटली नुसती पाहून झाली नाही, किंवा दुसरं अनोळखी अत्तर हुंगूनही झाली नाही. ही जोडणी जन्माआधीच सुरू होते. फ्रान्समध्ये बेनवा शाल यांनी २००० मध्ये दाखवलं की गरोदरपणी ॲनिस या मसाल्याचे पदार्थ खाल्लेल्या आयांची बाळं जन्मानंतर लगेच त्या वासाकडे वळतात, इतर बाळं वळत नाहीत. ॲनिसचा वास ज्या ॲनेथोलचा, तोच आपल्या बडीशेपेतही असतो. गरोदर सुनेच्या ताटाशेजारी बडीशेप ठेवणाऱ्या घरांत पुढच्या पिढीच्या आवडीचा एखादा धागा असाही विणला जात असेल.

म्हणून मोगरा सगळ्यांच्या मेंदूत तोच परिणाम करेल अशी अपेक्षा धरता येत नाही. उन्हाळ्यात माठातल्या पाण्यात मोगऱ्याची फुलं सोडणाऱ्या घरात वाढलेल्याला तो गारवा वाटेल. कोणाला तोच वास मृत्यूच्या घरातल्या हारांची आठवण करून देईल. मात्र सगळंच सवयीवर आहे असंही नाही. आर्टिन अर्शामियन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जगातल्या अगदी भिन्न समाजांतल्या २२५ लोकांना तेच दहा वास क्रमानं लावायला सांगितले. व्हॅनिलाचा रेणू सगळ्यांत आवडता ठरला आणि आयसोव्हॅलेरिक आम्ल सगळ्यांत नावडतं. आवडीतल्या फरकांपैकी सुमारे ४१ टक्के भाग रेणूमुळे, ५४ टक्के त्या त्या व्यक्तीमुळे आणि फक्त ६ टक्के संस्कृतीमुळे, असा हिशेब निघाला. संस्कृतीचा वाटा इतका लहान निघणं मला अनपेक्षित होतं.

मोगरा खरोखर शांत करतो का, हा प्रश्न आता विचारता येईल. जपानमध्ये २००५ मध्ये जॅस्मिन चहाच्या वासावर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. या चहाच्या पानांना सुगंध लावतात तो प्रामुख्यानं मोगऱ्याच्याच फुलांनी. चहाचा अगदी मंद वास हुंगून लोकांच्या हृदयाचे ठोके थोडे मंदावले, मनही शांत झाल्याचं त्यांनी सांगितलं आणि त्यातल्या लिनालूलच्या एका रूपानंही तसंच झालं. पण १९८८ च्या दुसऱ्या एका जपानी अभ्यासात जॅस्मिनच्या वासानं उलटंच दाखवलं होतं. एखाद्या इशाऱ्याची वाट बघताना मेंदूत एक संथ विद्युत लहर चढते. डोक्याला लावलेल्या तारांवर ती मोजता येते. लॅव्हेंडरनं ती लहर उतरली, जॅस्मिननं ती चढली, म्हणजे मेंदू जास्त सावध झाला. हे दोन निष्कर्ष एकमेकांशी भांडत आहेत असं वाटेल. पण जॅस्मिन या एका नावाखाली वेगवेगळी फुलं येतात, त्यांच्या अर्कातलं रेणूंचं प्रमाण वेगळं असतं, एका ठिकाणी वास मंद होता आणि मोजमापही निराळं होतं. ‘अमुक फुलाचा अमुक परिणाम’ असं एका ओळीत सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, ते यासाठी.

लिनालूलबद्दल जास्त ठोस पुरावा उंदरांकडून मिळाला. जपानच्या कागोशिमा विद्यापीठात २०१८ मध्ये उंदरांना नुसता लिनालूलचा वास दिला आणि त्यांची भीती कमी झाली, हालचालीत सुस्ती मात्र आली नाही. ज्यांची वास घेण्याची क्षमता नष्ट केली होती त्या उंदरांत हा परिणाम दिसला नाही. चिंता कमी करणाऱ्या बेंझोडायझेपिन गोळ्या मेंदूत ज्या ठिकाणी काम करतात ते ठिकाण औषधानं अडवलं, तेव्हाही परिणाम नाहीसा झाला. म्हणजे लिनालूल फुप्फुसातून रक्तात जाऊन हे करत नव्हता. नाकातून निघालेला संकेतच मेंदूतल्या त्या शांत करणाऱ्या यंत्रणेला जागं करत होता. लिनालूल लॅव्हेंडरमध्ये भरपूर असतो आणि आपल्या धण्यांच्या तेलाचाही तो मुख्य घटक आहे. अर्थात उंदरावरून माणसावर उडी मारताना सावध राहायला हवं.

मघाशी म्हटलेला अपवाद इथे येतो. काही रेणू श्वासातून फुप्फुसात आणि तिथून रक्तात जातात. निलगिरीच्या तेलातला सिनिओल हा त्यातला एक. तो रोझमेरीतही असतो. इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात २०१२ मध्ये रोझमेरीचा वास भरलेल्या खोलीत बसवून लोकांना डोकं चालवण्याची कामं दिली. ज्यांच्या रक्तात सिनिओल जास्त सापडला, त्यांची काही कामं जास्त चांगली झाली. हा अभ्यास २० जणांचाच होता, तेव्हा त्याला इशारा मानावं, निकाल नव्हे.

निलगिरी, पुदिना आणि कापूर नाकात गार झणझणीत लागतात. ती जाणीव गंधपेशींची नाहीच. चेहऱ्याच्या स्पर्शाची आणि वेदनेची खबर देणारी ट्रायजेमिनल ही वेगळी नस आहे, तिच्यावरचा थंडी ओळखणारा ग्राहक पुदिन्यातल्या मेंथॉलला फसतो. चोंदलेलं नाक त्यानं मोकळं झाल्यासारखं ‘वाटतं’. एक कळकळीची सूचना: कापूर लहान मुलांच्या तोंडात जाता कामा नये, गिळलेल्या कापरानं मुलांना झटके येऊ शकतात. सर्दीच्या घरगुती उपायांतही तान्ह्या बाळापासून तो दूर ठेवा.

सुगंधाच्या परिणामातला एक मोठा भाग श्वासाचाच असतो आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. वाईट वास आला की आपण हुंगणं आवरतं घेतो आणि तेही सुमारे १६० मिलिसेकंदांत, विचार करायला वेळ मिळण्याआधी. सोबेल यांच्या गटानं हे २००३ मध्ये मोजलं. छान वास आला की श्वास लांबतो. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात क्रिस्टिना झेलानो यांनी २०१६ मध्ये दाखवलं की नाकानं श्वास आत घेताना पिरिफॉर्म भाग, अमिग्डला आणि हिप्पोकॅम्पस यांतल्या विद्युत लहरी श्वासाच्या तालावर येतात. त्या क्षणी भेदरलेला चेहरा लवकर ओळखता येतो, पाहिलेली वस्तू जास्त चांगली आठवते. तोंडानं श्वास घेताना हा फायदा दिसला नाही. म्हणजे गजरा हुंगताना लिनालूलचं काम किती आणि त्या लांब, सावकाश श्वासाचं किती, हे वेगळं काढणं अवघड. माझ्या मते ते वेगळं काढायची गरजही प्रयोगशाळेपुरतीच आहे.

आणि वास फार काळ टिकत नाही, निदान आपल्या जाणिवेत. सतत येणाऱ्या वासाला पिरिफॉर्म भाग काही सेकंदांतच दाद देणं कमी करतो. खोलीत दिवसभर अगरबत्ती किंवा तेलाचा डिफ्यूझर चालू ठेवण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. धुराचा त्रास होईल तो वेगळाच. मध्येच एकदा फूल उचलून हुंगणं मेंदूसाठी नवं असतं.

झोप येत नाही, चिंता छळते, लक्ष लागत नाही, यासाठी सुगंधी तेलं विकणाऱ्यांचे दावे मात्र मोठे असतात. बहुतेक प्रयोग लहान गटांवरचे असतात आणि त्यांत एक अडचण मुळातलीच आहे: गोळीऐवजी साखरेची गोळी देता येते, पण मोगऱ्याऐवजी खोटा मोगरा देऊन माणसाला फसवता येत नाही. हुंगणाऱ्याला आपण काय हुंगतो आहोत ते कळतंच. परिणाम खरा आहे पण सौम्य आहे, असा माझा निष्कर्ष. निद्रानाश किंवा नैराश्य दीर्घकाळ टिकलं असेल तर डॉक्टरांकडे जावं, फुलांकडे नव्हे.

एका बाबतीत मात्र वनस्पतींच्या वासांचा उपयोग उपचार म्हणून पक्का आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये वास गेलेल्या लोकांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ १२ आठवडे हुंगायला दिले. हा सराव करणाऱ्यांच्या वास घेण्यात सुधारणा झाली, न करणाऱ्यांच्यात तशी झाली नाही. गंधपेशी पुन्हा उगवतात हे आपण वर पाहिलं. रोजचा सराव त्या नव्या पेशींना आणि मेंदूतल्या त्यांच्या वाटांना कामाला लावतो, असं यामागचं स्पष्टीकरण दिलं जातं. कोविडनंतर जगभरच्या डॉक्टरांनी हाच सराव सुचवला.

कोविड, जोराची सर्दी किंवा अपघात यानंतर ज्यांचा वास परत आलेला नाही, त्यांनी आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं आणि त्यांच्या सल्ल्यानं हा सराव सुरू करावा. चार बाटल्या, प्रत्येक वास सुमारे १० सेकंद, हळूहळू हुंगायचा, लक्ष त्या वासावर ठेवून. आठवड्याभरात फरक पडणार नाही, महिने लागतात, म्हणून सोडू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही अधूनमधून विचारा, वास येतो का म्हणून. वास हळूहळू जातो तेव्हा तो गेल्याचं माणसाच्या लक्षातही येत नाही, आणि पार्किन्सन्ससारख्या आजारात तो थरथरीच्या कित्येक वर्षं आधी जाऊ शकतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम दिलेला घाण वासही अशा माणसाला येणार नाही. त्याच्या स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारा अलार्म बसवून घ्या.